एमबीबीएस न करता रुग्णांशी जोडलेलं संशोधन करता येतं का?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमरावतीहून बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झाली आहे, नेट-जेआरएफ (संशोधनासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती) हातात आहे, आता पीएचडीला कुठे जायचं ते ठरवायचंय. ‘ज्या आजारावर प्रबंध लिहायचा, तो आजार असलेला माणूस पाच वर्षांत एकदाही न बघता पदवी मिळते, असं सीनियर सांगतात. मला तसं नको आहे. पण मी डॉक्टर नाही. मार्ग आहे का?’ सोबत एक जोडप्रश्नही आहे: धाकटा भाऊ एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यालाही संशोधनाची ओढ आहे, त्याने काय करावं?

मी बायोकेमिस्ट्रीची एम.एस्सी., मग पीएचडी. डॉक्टर नाही. कामाची सगळी वर्षं रुग्णालयाला लागून असलेल्या प्रयोगशाळेत, रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर गेली. त्यामुळे उदाहरणं बहुतेक रक्ताचीच येतील.

मार्ग आहे, आणि चांगला आहे. फक्त तो पदवीच्या किंवा विभागाच्या नावावरून शोधू नका. हल्ली जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात ‘ट्रान्सलेशनल’ (प्रयोगशाळेतलं ज्ञान रुग्णापर्यंत नेणारं) असं लिहिलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. माझ्या मते पारख एकच: तुमचा संशोधनाचा प्रश्न पक्का होण्याआधी तुम्हाला ओपीडीत आणि वॉर्डात उभं राहायला मिळतं का? विषय ठरला, प्रयोग झाले, आता शेवटच्या वर्षी ‘क्लिनिकल व्हॅलिडेशन’साठी, म्हणजे निष्कर्ष रुग्णांत पडताळायला, थोडे नमुने हवेत म्हणून रुग्णालयात जायचं, याला मी जोड म्हणत नाही. तोवर प्रश्न बदलायची मुभाच उरलेली नसते. रुग्ण पाहून प्रश्न बदलला, तरच पाहण्याला अर्थ.

असं का म्हणते, ते सिकल सेलच्या उदाहरणाने सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा हा आनुवंशिक आजार. तुम्ही अमरावतीचे, मेळघाट जवळ आहे, आजार ओळखीचा असेल. 1948 साली ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी लिहून ठेवलं की सिकलचा दोष असलेल्या नवजात बाळांच्या तांबड्या पेशी मोठ्यांच्या पेशींइतक्या वाकड्या होत नाहीत, आणि त्याचं कारण बाळाच्या रक्तात अजून शिल्लक असलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असावं. हे बाळांच्या वॉर्डातलं निरीक्षण. पुढच्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकतं, म्हणजे दोष रेणूतच आहे. 1957 पर्यंत व्हर्नन इनग्रॅम यांनी तो दोष नेमका दाखवला: हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल. हे प्रयोगशाळेतलं काम.

या दोन धाग्यांची गाठ पुन्हा बसायला किती वर्षं गेली बघा. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद कोण करतं, याचं ठोस उत्तर 2008 मध्ये आलं. बीसीएल11ए नावाचं प्रथिन तो जनुक दाबून ठेवतं, हे बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत दाखवलं गेलं, आणि त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक विजय संकरन तेव्हा हार्वर्डमध्ये एमडी-पीएचडी (डॉक्टरकी आणि पीएचडी एकत्र) करत होते. म्हणजे प्रशिक्षण चालू असलेला विद्यार्थी. तो बोळा काढला तर मोठ्या माणसाच्या शरीरातही गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होतं, याच तत्त्वावर रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशींत जनुकीय बदल करणारी उपचारपद्धती 2023 च्या अखेरीस आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मान्य झाली. वॉटसनबाईंच्या निरीक्षणापासून मोजलं तर 75 वर्षं.

पण मला तुम्हाला दाखवायचंय ते मधल्या काळातलं. रेणूचा दोष 1957 पासून माहीत होता, तरी सिकलची लहान मुलं मरत होती. प्लीहा निकामी झाल्यामुळे न्यूमोकोकस जंतूंचा संसर्ग त्यांना काही तासांत घेऊन जायचा. 1986 मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला: रोज दोन वेळा तोंडाने पेनिसिलिन दिलं तर हा संसर्ग 84 टक्क्यांनी घटतो. साधं, स्वस्त, जुनं औषध. 1995 मध्ये हायड्रॉक्सीयुरियाने वेदनेचे झटके कमी होतात हे सिद्ध झालं. तेही मुळात दुसऱ्या आजारांसाठीचं औषध. व्हॅलिनकडे कितीही टक लावून बसलं असतं तरी पेनिसिलिन सुचलं नसतं. मुलं कशाने मरतात हे बघणाऱ्याला ते सुचलं. आणि नुसतं वॉर्डात बसून बीसीएल11ए सापडलं नसतं. मला माझे विद्यार्थी या दोन्ही गोष्टी एका डोक्यात ठेवणारे हवे असतात.

आपल्याकडचंच बघा. विदर्भातल्या सिकल रुग्णांत बहुतेकदा अरब-इंडियन हॅप्लोटाइप (सिकल जनुकाभोवतीचा एकत्र वारशाने येणारा डीएनएचा नमुना) आढळतो, त्यांच्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा साधारण जास्त असतं, म्हणून आजार सौम्य असतो असं पाठ्यपुस्तकात वाचायला मिळतं. ओपीडीत बसलात की दिसतं, एकाच घरातली दोन भावंडं, दोघांकडे सिकलच्या रुग्णाला मिळणारं लाल कार्ड, एक शाळेत फुटबॉल खेळतो आणि दुसरी वर्षातून चार वेळा अॅडमिट होते. दोघांचा मूळ दोष एकच. मग फरक कशाचा? अल्फा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक दोष) सोबत आहे का, लोह, संसर्ग, पाणी कमी पिणं, की अजून माहीत नसलेलं काही? हा पीएचडीचा प्रश्न आहे. तो शोधनिबंध वाचूनही सापडू शकेल, पण त्या दोघांना एका बाकावर बसलेलं पाहिलं की तो डोक्यातून जात नाही.

आता एका रक्ताच्या नळीकडे जवळून बघा, कारण मूलभूत विज्ञानाच्या विद्यार्थ्याचं शिक्षण माझ्या मते इथून सुरू व्हायला हवं.

सकाळी साडेनऊला सिस्टर वॉर्डात रक्त घेतात. नळी रॅकमध्ये उभी राहते. राउंड चालू असतो, नळ्या नेणारे वॉर्डबॉय मामा दुसऱ्या मजल्यावर गेलेले असतात. बाराच्या सुमारास नळ्या खाली येतात, साडेबाराला सेंट्रीफ्यूज लागतो. या तीन तासांत नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि आपलं काम करत असतात. साध्या नळीत ग्लुकोज दर तासाला साधारण 5 ते 7 टक्क्यांनी उतरतं. करड्या टोपणाच्या फ्लोराइड नळीतही पहिला तास-दोन तास ते उतरतंच, कारण फ्लोराइडचा असर पूर्ण बसायला वेळ लागतो. होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल उलट वाढतं, तासाला दहाएक टक्के. रक्त घेताना सुई बारीक होती, ओढाताण झाली, तर तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम आणि एलडीएच हे एन्झाइम वर जातात. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीतलं थोडं रक्त चुकून सीरमच्या नळीत ओतलं गेलं, तर कॅल्शियम खोटं कमी, पोटॅशियम खोटं जास्त आणि अल्कलाइन फॉस्फटेज खोटं कमी दिसतं. हिरव्या टोपणातलं हेपॅरिन पीसीआर अडवतं.

हे सगळं एम.एस्सी.च्या पुस्तकात सुटं सुटं असतं. एकत्र कधी येतं? समजा विद्यार्थिनीने रुग्णांचे चाळीस आणि निरोगी व्यक्तींचे चाळीस नमुने तपासले. रुग्णांचे वॉर्डातून आलेले, तीन तास उभे राहिलेले. निरोगी म्हणजे बाजूच्या प्रयोगशाळेतले सहकारी, त्यांचं रक्त दहा मिनिटांत सेंट्रीफ्यूजमध्ये गेलेलं. फरक सुंदर येतो, संख्याशास्त्रातली पी-व्हॅल्यू देखणी येते. पण सापडलेला फरक आजाराचा नसतो, उशिराचा असतो. उपकरण कितीही महाग असलं तरी हे पकडू शकत नाही. नळीसोबत वॉर्डापासून चालत आलेलं माणूस पकडू शकतं. म्हणून माझ्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आधी नळीच्या मागे फिरायला लावते: रक्त घेतलं जातं तिथपासून उणे 80 च्या फ्रीजरपर्यंत, प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून.

तसंच केस पेपर वाचणं. मुलाला गेल्याच महिन्यात रक्त चढवलं असेल तर एचपीएलसीच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीच्या) आलेखात दात्याचं हिमोग्लोबिन दिसतं आणि निदान चुकतं. ती नोंद केस पेपरच्या मागच्या पानावर, रेसिडेंटच्या घाईच्या अक्षरात असते. सिकलची प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे रुग्ण की वाहक (दोषी जनुकाची एकच प्रत असलेला) ते कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावीच लागते. आणि कोवळ्या बाळात तीच चाचणी निगेटिव्ह येऊनही बाळ रुग्ण असू शकतं, कारण तेव्हा सिकल हिमोग्लोबिन पुरेसं तयारच झालेलं नसतं. म्हणजे पुन्हा वॉटसनबाईंचंच निरीक्षण, फक्त आता तुमच्या नमुन्यांच्या तक्त्यात.

हे शिक्षण पद्धतशीर देण्याचे प्रयत्न अमेरिकेत खूप आधी सुरू झाले. 1964 मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तीन विद्यापीठांत एमडी-पीएचडीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. तरीही 1979 मध्ये जेम्स विनगार्डन यांनी रुग्ण बघणारा संशोधक ही नष्ट होत चाललेली जात आहे, असा इशारा दिला होता. तुमच्या प्रश्नाला जवळचा प्रयोग त्यानंतरचा: 2000 च्या दशकात हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटने ‘मेड इन्टू ग्रॅड’ नावाने डॉक्टर नसलेल्या पीएचडी विद्यार्थ्यांना वैद्यकाची ओळख करून देणाऱ्या अभ्यासक्रमांना मदत केली. डॉक्टर बनवायचं नाही, पण रोग कसा दिसतो, निदान कसं होतं, कुठे अडतं, हे शिकवायचं. स्टॅनफर्डमध्ये पीएचडीच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय विद्यार्थ्यांसोबत वर्गात बसवून वैद्यकातली एम.एस. (मास्टर ऑफ सायन्स, शस्त्रक्रियेची नव्हे) देण्याची सोय झाली. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला दोन मार्गदर्शक असावेत असा नियम झाला, एक प्रयोगशाळेतला, एक रुग्ण बघणारा.

या सगळ्यांत मला बेलरचा नियम सर्वांत मोलाचा वाटतो. वर्ग, व्याख्यानं, वॉर्डातल्या ठरावीक फेऱ्या यांचा उपयोग होतो, पण दोन वर्षांनी आठवण पुसट होते. रुग्ण बघणारा माणूस तुमच्या प्रगती समितीत असेल, दर सहा महिन्यांनी ‘याचा माझ्या पेशंटला काय उपयोग?’ असं विचारत असेल, आणि प्रयोगशाळेतले सर ‘पण यंत्रणा काय आहे?’ असं विचारत असतील, तर विद्यार्थ्याला दोन्ही प्रश्नांची सवय लागते. आपल्याकडे असा नियम नसला तरी सह-मार्गदर्शक किंवा सल्लागार समितीचा सदस्य म्हणून डॉक्टर घेता येतो. तो तुम्ही स्वतःहून मागा. पहिल्याच वर्षी मागा.

आपल्याकडे ही परंपरा नाही असं कोणी म्हणालं तर मला वाईट वाटतं, कारण मुंबईत ती फार सुंदर सुरू झाली होती. 1952 मध्ये लॅन्सेटमध्ये वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया यांचा छोटा लेख आला. रक्त जुळवताना कोणत्याच नेहमीच्या गटात न बसणारी माणसं मुंबईत सापडली होती. त्या लेखाच्या लेखकांत लंडनचे रक्तगटतज्ज्ञ रेस आणि सँगर तर आहेतच, शिवाय मॉर्गन आणि वॉटकिन्स आहेत, हे दोघे रक्तगटांच्या रसायनशास्त्रावर काम करणारे. रक्तपेढीतली अडचण आणि जीवरसायनशास्त्र एकाच पानावर. आज ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून जगभर ओळखला जातो तो हाच. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच प्रतिजनच या लोकांत नसतो, म्हणून त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही.

दुसरं उदाहरण पुण्याचं. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मोजली तर आपली बाळं तितकी मागे नव्हती. स्नायू कमी, चरबी टिकून. ‘बारीक पण मेदयुक्त’ बाळ ही कल्पना तिथून जगभर गेली, आणि पुढे आईचं बी-12 कमी आणि फोलेट जास्त असेल तर मुलात सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध दिसतो, हेही त्याच अभ्यासातून आलं. सुरुवात कॅलिपरने झाली, पोचली मिथिलेशनच्या, म्हणजे डीएनएवर बसणाऱ्या रासायनिक खुणांच्या, रसायनशास्त्रापर्यंत. मधुमेहावर काम करायचं असेल तर हे शोधनिबंध क्रमाने वाचा.

आणि अगदी अलीकडचं: सीएआर-टी, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत जनुकीय बदल करून त्यांना कर्करोगावर सोडणारी उपचारपद्धती. पवईत आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेत राहुल पुरवार यांच्या गटाने रचना केली आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ती रुग्णांपर्यंत नेली. खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात, जून 2021 मध्ये पहिल्या रुग्णाला ती दिली गेली, ऑक्टोबर 2023 मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता आली. परदेशातल्या किमतीच्या साधारण दशांशात. इथे मला महत्त्वाचं वाटतं ते असं: आपल्याकडच्या रुग्णाला अतिदक्षता विभागात आठवडाभर ठेवणं परवडत नाही, ही वॉर्डातली वस्तुस्थिती असते. त्यामुळे विषारी परिणाम कमी ठेवणं ही रेणूच्या रचनेचीच अट होऊन बसते. वॉर्डातली अडचण जनुकाच्या आराखड्यात उतरते ती अशी.

आता तुम्ही कुठे अर्ज करावा. कर्करोगात रस असेल तर अॅक्ट्रेक: मूलभूत प्रयोगशाळा आणि रुग्णालय एकाच आवारात, पदवी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची. रक्ताच्या आजारांसाठी परळच्या केईएमच्या आवारातली आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय प्रतिरक्षारुधिरविज्ञान संस्था. तिचं सिकल आणि थॅलेसेमियासाठीचं केंद्र चंद्रपूरला आहे, तुम्हाला ते भाषेनेही जवळचं. पुण्यात एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) आणि आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) आहेत. तिथे विज्ञान उत्तम आहे, पण रुग्णालय आवारात नाही, म्हणून मार्गदर्शकाचं एखाद्या रुग्णालयाशी चालू काम आहे का ते बघावं लागेल. उपकरणांकडे कल असेल तर तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था बघाच. एका बाजूला हृदय आणि मेंदूचं रुग्णालय, दुसऱ्या बाजूला जैववैद्यकीय तंत्रज्ञानाचा विभाग. तिथेच बनलेली हृदयाची झडप डिसेंबर 1990 मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी आणि श्री चित्रा मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचं एम.टेक. चालवतात, त्यात विद्यार्थ्यांना रुग्णालयात प्रत्यक्ष राहून काम करावं लागतं. एम.टेक.ला जाणाऱ्या तुमच्या मित्रमैत्रिणींना सांगा.

संस्थेपेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा, आणि तो निवडताना संकोच करू नका. मुलाखतीआधी त्यांच्या सीनियर विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा: नमुने कोण आणतं? डॉक्टर कधी लॅब मीटिंगला येतात का, की फक्त शोधनिबंधावर नाव असतं? एथिक्स कमिटीची मंजुरी मिळालेली आहे की तुमच्या पहिल्या वर्षात अर्ज करायचा आहे? आधीच्या विद्यार्थ्याला ठरलेली नमुनासंख्या मिळायला किती काळ लागला? या शेवटच्या प्रश्नाचं गणित स्वतःही करून बघा. ओपीडीला तुमच्या निकषात बसणारे आठवड्याला दोन नवे रुग्ण येत असतील आणि निम्मे संमती देत असतील, तर वर्षाला पन्नास. सुट्ट्या, संप, डॉक्टरांची बदली, पावसाळ्यात न येणारे रुग्ण वजा करा. तीनशे नमुन्यांचा प्रस्ताव मग कागदावरच राहतो. सरकारी रुग्णालयात सहकारी डॉक्टरची बदली झाली की काम थांबतं, हे फार वेळा बघितलंय. म्हणून एका व्यक्तीवर नव्हे, विभागावर टेकलेलं सहकार्य शोधा.

संमतीबद्दल थोडं थांबून लिहिते. आयसीएमआरची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं पूर्ण वाचा, परीक्षेपुरती नको. पण खरी शिकवण संमती घेतली जात असताना बाजूला बसून मिळते. संमतीपत्र मराठीत असतं, समोरची आई कोरकू किंवा गोंडी बोलणारी असते, सोबत आलेली आशाताई अर्धं समजावते. ‘रक्त कशाला पाहिजे?’ या प्रश्नाला तुमच्या संशोधनाचं उत्तर दोन वाक्यांत देता येतंय का बघा. येत नसेल तर अजून तुम्हालाच विषय कळलेला नाही. आणि सिकलमध्ये तपासणीचा निकाल एका माणसापुरता नसतो. मुलीकडे पिवळं कार्ड आलं, ती वाहक आहे हे कळलं, की लग्नाच्या बोलण्यात ते कार्ड पुढे येतं. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे घरात कोण आणि कधी सांगणार, याची योजना अभ्यासाच्या आराखड्यात आधीच हवी. रुग्णालयाने समुपदेशक दिला असेल तर त्यांच्याकडून शिका.

वॉर्डात जाल तेव्हा पांढरा अॅप्रन घातलेला असेल, लोक ‘डॉक्टर’ म्हणतील, औषधाबद्दल विचारतील. लगेच सांगायचं, मी डॉक्टर नाही, संशोधन करते, तुमचा प्रश्न मॅडमना सांगते. आणि खरंच जाऊन सांगायचं. रेसिडेंट छत्तीस तास जागा असेल तेव्हा नमुन्याची आठवण करून देऊ नका. यादी लिहिणं, रिपोर्ट आणून देणं अशी मदत करा. सिस्टर आणि मामा यांची नावं पाठ ठेवा, तुमच्या नमुन्यांचा दर्जा त्यांच्या हातात असतो.

भावाबद्दल. दुसऱ्या वर्षाला आहे तर आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप त्याच्यासाठीच आहे. 1979 पासून चालू असलेली ही योजना एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प करू देते. प्रमाणपत्रासाठी प्रश्नावली वाटण्याचा प्रकल्प घेऊ नकोस, असं त्याला माझ्या वतीने सांगा. बायोकेमिस्ट्री, पॅथॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजीच्या ज्या शिक्षकांकडे खरंच चालू काम आहे, त्यांच्याकडे जाऊन एक तपासणी पद्धत हाताने शिकून घेणं जास्त कामाचं. एमडीला प्रबंध सक्तीचा असतोच. बहुतेक जण तो उरकतात. त्याने तो प्रबंध पीएचडीची पूर्वतयारी समजून करावा.

पीएचडी कधी, याबद्दल मतभेद आहेत. आपल्या व्यवस्थेत आधी एमडी आणि मग पीएचडी, असं माझं मत. नीट-पीजी, बॉण्डची सेवा, घरच्यांची अपेक्षा या ओढाताणीत मध्येच तीन-चार वर्षं प्रयोगशाळेत घालवणारा मुलगा दोन्हीकडून मागे पडतो असं वाटून खचतो. एमडीनंतर मात्र वेळ हवा आणि पगार हवा. 2008 मध्ये सुरू झालेल्या, संशोधनाला पैसे देणाऱ्या इंडिया अलायन्सने डॉक्टरांसाठी वेगळ्या फेलोशिप दिल्या, त्यांचा हेतू हाच. अभियांत्रिकीकडे ओढा असेल तर आयआयटी खरगपूरचा एमबीबीएस झालेल्यांसाठीचा तीन वर्षांचा एमएमएसटी हा वैद्यक आणि तंत्रज्ञान जोडणारा अभ्यासक्रम आहे. बंगळुरूच्या आयआयएससीने 2022 मध्ये आवारातच रुग्णालय आणि वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण उभारण्याची घोषणा केली, एमडी-पीएचडी हा त्या योजनेचा गाभा आहे. भाऊ पदवीधर होईपर्यंत तिथलं चित्र स्पष्ट झालेलं असेल.

शेवटी नोकरी, कारण ती लपवून सल्ला देणं बरोबर नाही. रुग्णालयाच्या निदान प्रयोगशाळेत एम.एस्सी.-पीएचडी झालेल्यांना रिपोर्टवर एकट्याने सही करण्यावर बंधनं आहेत. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचं काम ठरवलं. वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवण्याच्या जागाही 2020 च्या नियमांनी आक्रसल्या: अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीत डॉक्टर नसलेल्यांचा वाटा 15 टक्क्यांवर आला, फार्माकॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजीत तर बंदच झाला. 2025 मध्ये त्या दोन विषयांचं दार पुन्हा उघडलं. मला हे चढउतार अन्यायाचे वाटतात. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला अचानक अपात्र ठरवणं विद्यार्थ्यांच्याही हिताचं नाही. तरीही रुग्णालयांच्या संशोधन विभागांत, आयसीएमआरच्या संस्थांत, क्लिनिकल चाचण्या चालवणाऱ्या केंद्रांत, जनुकीय निदान करणाऱ्या कंपन्यांत दोन्ही बाजू कळणाऱ्या पीएचडीची गरज मी रोज बघते. जनुकीय चाचणीत सापडलेला बदल रोगकारक आहे की नाही हे ठरवायला डॉक्टर आणि रेणूशास्त्रज्ञ एकत्र बसावेच लागतात.

अर्ज भरण्याआधी एक काम करा. अमरावती किंवा नागपूरच्या सरकारी रुग्णालयात सिकलची ओपीडी कधी असते ते विचारा, विभागप्रमुखांना पत्र लिहून एक सकाळ बसायची परवानगी मागा. वही न्या, कुणाचं नाव लिहू नका. डॉक्टर कुठे थबकले, कोणती तपासणी हवी असून मिळाली नाही, रुग्ण कोणता प्रश्न विचारून गेला, एवढंच टिपा. पीएचडीच्या मुलाखतीत पॅनेल विचारेल, ‘तुम्हाला नेमकं कशावर काम करायचंय?’ तेव्हा त्या पानावरचं काहीतरी सांगा, आणि ते तपासायला प्रयोगशाळेत पहिला प्रयोग कोणता कराल तेही सांगा.